रस्त्यावरील मोटारसायकलची पहिल्या ट्रॅक डेसाठी सिद्धता : एक तांत्रिक विवेचन

प्रस्तावना

मोटार शर्यतींसाठी बांधलेल्या बंदिस्त धावमार्गावर, प्रत्यक्ष शर्यत न लावता, शुल्क भरून स्वतःची रोजच्या वापरातील मोटारसायकल चालविण्याची सोय काही ठराविक दिवशी केली जाते. अशा दिवसास ‘ट्रॅक डे’ असे म्हणतात. येथे पारितोषिके नसतात. चालकांचे अनुभवानुसार गट पाडून प्रत्येक गटास साधारणपणे पंधरा ते वीस मिनिटांची सत्रे दिली जातात. भारतात चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टई येथील सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा धावमार्ग, कोइम्बतूरजवळील कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडा येथे २०११ मध्ये सुरू झालेले बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही या दृष्टीने प्रमुख स्थळे होत. महाराष्ट्रातील हौशी चालक बहुधा दक्षिणेकडील दोन धावमार्गांची वाट धरतात.

आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना वेगाचे आकर्षण आहे, हे वाहनतळावर उभ्या असलेल्या मोटारसायकलींकडे पाहिले तरी ध्यानात येते. त्या आकर्षणाला सार्वजनिक रस्त्यापेक्षा बंदिस्त धावमार्ग ही अधिक योग्य जागा आहे, याविषयी दुमत नसावे. मात्र तेथे जाण्याची तयारी म्हणजे मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि अधिक शक्तीचे इंजिन, असा जो समज रूढ आहे तो चुकीचा असून कित्येकदा घातक ठरतो. वस्तुतः ही तयारी वाहनात भर घालण्याची नाही. ती तपासण्याची, घट्ट करण्याची आणि काढून ठेवण्याची आहे. असे का, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ब्रेक आणि उष्णता

रस्ता आणि धावमार्ग यांतील मूलभूत फरक वेगाचा आहे असे वरकरणी वाटते. यंत्राच्या दृष्टीने तो उष्णतेचा आहे. चालकासह २५० किलोग्रॅम वस्तुमान असलेली मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबविताना सुमारे ३५ किलोज्यूल गतिज ऊर्जेचा निचरा करावा लागतो. तीच मोटारसायकल सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १४० वरून ६० किलोमीटरवर आणताना हा आकडा सुमारे १५४ किलोज्यूल होतो, म्हणजे जवळजवळ साडेचार पट. यातील काही भाग हवेचा अवरोध व इंजिन घेते. तरीही समजा १०० किलोज्यूल उष्णता पुढील चाकाच्या सव्वा किलोग्रॅमच्या आसपास वजनाच्या पोलादी डिस्कमध्ये उतरली, तर केवळ त्या एका ब्रेकने डिस्कचे तापमान सुमारे १७० अंश सेल्सिअसने वाढेल. शहरात एवढा जोराचा ब्रेक दिवसातून एखादे वेळी लागत असेल. धावमार्गावर तो प्रत्येक फेरीत अनेकदा लागतो आणि मधल्या काळात डिस्क पूर्ववत थंड होण्यास अवधी मिळत नाही.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरमध्ये व तेथून ब्रेकच्या द्रवात शिरते. आपल्याकडील गॅरेजमध्ये ज्यास सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हटले जाते ते तेल नव्हेच. ग्लायकॉल वर्गातील हा द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ४ या श्रेणीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळल्यानंतरच्या स्थितीत ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणातील किंवा मुंबईतील दोन पावसाळे पाहिलेल्या मोटारसायकलचा द्रव या दुसऱ्या आकड्याकडे सरकलेला असणे स्वाभाविक आहे. रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही, कारण तितकी उष्णता तेथपर्यंत पोहोचतच नाही.

द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. ब्रेकची सारी कार्यपद्धती या एका गुणधर्मावर उभी आहे. द्रव उकळून त्यात बाष्पाचे बुडबुडे निर्माण झाले की बोटांनी दिलेला जोर ते बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो आणि लिव्हर हँडलपर्यंत येऊन टेकतो. याची पूर्वसूचना क्वचितच मिळते. शिवाय सत्र संपवून वाहन काही वेळ उभे राहिले की बाष्प पुन्हा द्रवरूप होते, लिव्हर पूर्ववत कडक लागतो आणि तपासणाऱ्यास काहीच दोष आढळत नाही. चालकाला झालेला भास समजून तीच मोटारसायकल पुढच्या सत्रात उतरविली जाते. म्हणून ट्रॅक डेपूर्वीच्या आठवड्यात, नव्याने फोडलेल्या बाटलीतील, टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या श्रेणीचा द्रव भरून नळीतील हवा पूर्णपणे काढून घेणे हे या संपूर्ण तयारीतील सर्वांत महत्त्वाचे काम होय. त्यास येणारा खर्च सायलेन्सरच्या किमतीपुढे नगण्य आहे. डॉट ५ हा सिलिकॉनवर आधारित द्रव मात्र नावातील साधर्म्यामुळे चुकूनही यात मिसळू नये.

पॅडची जाडी निम्म्याहून कमी उरली असल्यास ते बदलावेत. पातळ पॅड उष्णता अधिक वेगाने द्रवाकडे जाऊ देतात. नवे पॅड आधी काही अंतर रस्त्यावर चालवून डिस्कवर बसवून घ्यावे लागतात; ते काम धावमार्गावर करू नये. १२५ सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या दुचाकींवर २०१९ पासून सक्तीची झालेली एबीएस यंत्रणा नवशिक्याने बंद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टायर

टायरमधील हवेच्या बाबतीतही उष्णता हेच सूत्र आहे. ३० अंश तापमानाला २९ पीएसआय हवा भरलेला टायर आतून ७० अंशांपर्यंत तापला, तर वायूच्या नियमानुसार त्यातील दाब सुमारे ३५ पीएसआय होतो. हे गणित करताना वातावरणाचा दाब मिळवून निरपेक्ष दाब घ्यावा लागतो, ही गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. दाब वाढला की जमिनीला टेकणारा रबराचा भाग आकसतो व पकड कमी होते. म्हणून दाब थंड टायरवर एकदा मोजून भागत नाही. सत्र संपवून परतताच तो पुन्हा मोजावा आणि टायरच्या उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत जुळवून घ्यावा. उन्हे चढत जातात तसा हा हिशेब सकाळ-दुपार बदलतो. स्वतःचा दाबमापक जवळ बाळगावा. दोन मापकांत दोन-तीन पीएसआयचा फरक ही नित्याची बाब आहे.

टायरच्या बाजूवरील चार अंकी क्रमांक त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवितो : २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेले असू शकते. महामार्गावर दीर्घकाळ चाललेल्या टायरचा मधला भाग सपाट होतो आणि वाहन कलताना एकाएकी कडेवर पडल्यासारखे वाटते. असा टायर बदलणेच इष्ट.

कलण्याचा कोन आणि खाली लोंबणारे भाग

५० मीटर त्रिज्येच्या वळणावरून ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाताना मोटारसायकल व चालक यांना मिळून सुमारे ३९ अंश कलावे लागते. रस्त्यावर आपण सहसा याच्या जवळपासही जात नाही. या कोनात मेन स्टँड अथवा लेगगार्डसारखा न वाकणारा भाग जमिनीला टेकला, तर तो तरफेसारखे काम करून चाक उचलतो. हे भाग आधीच उतरवून ठेवावेत. साडीगार्डही काढावा. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार रस्त्यावर असे संरक्षण आवश्यक आहे; धावमार्गावर मागे कोणी बसतच नाही. आरसे, नंबरप्लेट, मोबाइलचा स्टँड, सामानाचे कॅरिअर यांचीही तीच गत.

दिव्यांवर चिकटपट्टी लावण्याचा उद्देश इतकाच, की पडझडीत फुटलेले तुकडे धावमार्गावर विखुरू नयेत. २०१७ पासूनच्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो आणि हॅलोजन दिव्यावरील चिकटपट्टी त्या उष्णतेने वितळते. त्यामुळे दिव्याची जोडणी काढून ठेवावी. सरसकट फ्यूज काढण्यापूर्वी वायरिंगचा नकाशा पाहिलेला बरा, कारण त्याच फ्यूजवर अन्य यंत्रणाही असू शकते.

गळती : इतरांच्या जिवाचा प्रश्न

आतापर्यंतच्या चुकांची किंमत प्रामुख्याने करणाऱ्यालाच मोजावी लागते. इंजिन ऑइलची गळती तशी नाही. एका वाहनातून सांडलेल्या तेलावरून पुढच्या वळणावर कलून येणारे तीन-चार चालक एकापाठोपाठ घसरू शकतात. याचकरिता तांत्रिक तपासणीत परीक्षक सर्वप्रथम इंजिनच्या खाली हात फिरवून पाहतो. ऑइल काढण्याचा बोल्ट नव्या वायसरसह टॉर्क पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावा. हाताच्या अंदाजाने अति आवळल्यास अॅल्युमिनियममधील आटे खराब होतात. शर्यतीत हे बोल्ट तारेने बांधणे आवश्यक मानले जाते. ट्रॅक डेला ते बहुधा सक्तीचे नसते, परंतु केल्यास उत्तमच.

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनमधील कुलंटचा विचार वेगळा करावा लागतो. त्यातील ग्लायकॉल सांडल्यावर पाण्यासारखे उडून जात नाही आणि निसरडे राहते. म्हणून अनेक ठिकाणी रेडिएटरमध्ये साधे शुद्ध पाणी किंवा ग्लायकॉलविरहित मिश्रण भरण्याची अट असते.

चेनचा ताण पुस्तिकेतील मापाने ठेवावा. मागील चाक वर-खाली होताना इंजिनकडील व चाकाकडील स्प्रॉकेटमधील अंतर बदलते. फार घट्ट चेन त्या हालचालीस अडथळा करते आणि तुटल्यास इंजिनचे आवरण फोडते. क्लिपची जोडकडी असल्यास क्लिपचे बंद टोक चेनच्या गतीच्या दिशेस असावे. कोनसेट व चाकांचे बेअरिंग ढिले नाहीत ना, हँडल कोणत्याही बाजूस वळविले तरी एक्सलरेटर सोडताच आपोआप परततो ना, हे पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

विमा आणि परतीचा प्रवास

भारतातील प्रमाणित मोटार विमापत्रात आयोजित शर्यत व वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. ट्रॅक डे शर्यत नसली तरी धावमार्गावरील नुकसानीची भरपाई मिळेल असे गृहीत धरू नये. विमापत्र स्वतः वाचावे व कंपनीकडून लेखी खुलासा घ्यावा. याच कारणास्तव, पडल्यास ज्याची दुरुस्ती परवडणार नाही असे वाहन पहिल्या दिवशी नेऊ नये.

पुण्याहून चेन्नई सुमारे १,२०० किलोमीटर आहे. काही जण मोटारसायकल रेल्वेने पाठवितात, तर काही तिच्यावरच बसून जातात. दुसऱ्या प्रकारच्या चालकाने आपले पाने, काढलेले नटबोल्ट आणि कुलंटची बाटली सोबत न्यावी. धावमार्गाचे फाटक ओलांडताच मोटार वाहन कायदा पुन्हा लागू होतो. आरसे, नंबरप्लेट, साडीगार्ड व दिवे जागेवर हवेत. टायरमधील हवा रस्त्याच्या मापाला आणावी, पॅडची उरलेली जाडी पाहावी. रेडिएटरमधील पाणी काढून कुलंट भरावे. आपल्या हवामानात पाणी गोठण्याचे भय नसले तरी साध्या पाण्याने अॅल्युमिनियम गंजते. हे सर्व निघण्याच्या आदल्या संध्याकाळी करावे. दिवसभर धावमार्गावर थकलेल्या हातांनी रात्री आवळलेला बोल्ट सकाळी पुन्हा एकदा पान्याने तपासून मगच गाडीला किक मारावी.