सूचना आणि जागा

संगणकावर काम चालू असता पडद्याच्या कोपऱ्यात ‘डिस्कवरील जागा संपत आली आहे’ अशी सूचना उमटते. ती मिटवली, तरी थोड्या वेळाने पुन्हा उभी राहते. अशा वेळी ती बंद करण्याची घाई न करता, ती डिस्कच्या कोणत्या कप्प्याविषयी आहे, हे प्रथम पाहावे. या कप्प्यांना ओळखीसाठी अक्षरे दिलेली असतात.

‘सी’ हा बहुधा मुख्य कप्पा असतो. विंडोज ही प्रणाली चालू कामाच्या तात्पुरत्या फायली तेथेच लिहिते. तेथे जागा उरली नाही, तर संगणक मंदावतो आणि लिहिलेला मजकूर साठविणेही अशक्य होते. पुसलेल्या फायलीसुद्धा रिसायकल बिनमध्ये राहून जागा अडवितात. ते रिकामे केले म्हणजेच ती मोकळी होते.

याउलट ‘रिकव्हरी’ नावाच्या लहान कप्प्यात, प्रणाली बिघडल्यास ती पूर्ववत करण्याचे साहित्य असते. तो बहुधा भरलेलाच असतो. म्हणून अक्षर न देता तो दृष्टीआड ठेवतात. एप्रिल २०१८ मध्ये निघालेली विंडोज १० ची नवी आवृत्ती बसविल्यावर काही संगणकांत या कप्प्याला अक्षर मिळाले आणि सूचनांचा भडिमार सुरू झाला. तेथील काहीही पुसू नये. जाणत्या माणसाकडून त्याचे अक्षर तेवढे काढून घ्यावे, आतील साहित्य सुरक्षित राहते व सूचना थांबते.

विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून अशा सर्वच सूचना बंद करता येतात. परंतु त्यामुळे जागा तसूभरही वाढत नाही. ती संपत आल्याचे कळेनासे मात्र होते.