खर्जाची उसनवारी

परवा माझा पुतण्या घरी आला, तो जेवायला नव्हे, सल्ला घ्यायला. "काका, गिटारसाठी ऑक्टेव्ह पेडल घ्यायचंय. कोणतं घेऊ?"

मी आयुष्यातली पस्तीस वर्षे बँकेत काढली. त्या काळात लोकांनी मला ट्रॅक्टर, पिठाची गिरणी आणि संकरित गाई यांबद्दल विचारले होते. पेडलबद्दल विचारणारा हा पहिलाच. मी जुन्या सवयीने विचारले, "कशासाठी हवंय?" कर्जाच्या अर्जात 'प्रयोजन' नावाचा एक रकाना असतो. तो खरा भरला गेला की बाकीचा अर्ज सोपा होतो, असा माझा अनुभव आहे.

प्रयोजन असे निघाले. तीन मित्रांचा बँड. एक गिटार, एक बास, एक ड्रम. बास वाजवणारा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि पुढच्या महिन्यात तर कार्यक्रम ठरलेला. तेव्हा गिटारच्या सुराखाली एक सप्तक खालचा सूर यंत्राने उमटवायचा आणि गेलेल्याची जागा भरून काढायची.

हे मला लगेच समजले, कारण आमच्या घरातल्या पेटीला कपलर होता. एक पट्टी दाबली की सप्तकाच्या अंतरावरची दुसरी पट्टीही आपोआप खाली जाई. माझे थोरले बंधू, म्हणजे याचे वडील, गात आणि मी साथ करी. जरा भाव खावासा वाटला की मी कपलर ओढी. दादा गाता गाता भुवई उंचावत. नंतर म्हणत, "पेटी भरली रे, गाणं कुठे भरलं?" दादांना जाऊन नऊ वर्षे झाली. पेटी कपाटावर आहे.

असो. सप्तक म्हणजे कंपनांची दुप्पट किंवा निम्मी. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, बास गिटारची ४१ वेळा. म्हणजे ८२ चे ४१ करून देणारा कारकून हवा. जुन्या पद्धतीचे अ‍ॅनालॉग पेडल हे काम इमानाने करते. आलेल्या दर दोन लाटांमागे ते एक लाट पुढे पाठवते. 'बॉस' कंपनीचे १९८२ साली आलेले ओसी-२ हे यातले गाजलेले नाव. एक सप्तक खालचा सूर, दोन सप्तके खालचा सूर आणि मूळ सूर, तिघांसाठी तीन वेगळी बटणे. आवाज जाडजूड, थोडा सिंथेसायझरकडे झुकणारा. बास वाजवणारे त्यावर जीव टाकतात. पण हा कारकून एका वेळी एकच खाते पाहतो. सुटा स्वर वाजवला तर हिशेब चोख. कॉर्ड वाजवली की कोणती लाट मोजावी हे त्याला कळेनासे होते आणि नुसती घरघर ऐकू येते.

दुसरी जात डिजिटल. 'इलेक्ट्रो-हार्मोनिक्स'चे 'पॉग' २००५ साली आले. त्याच्या नावातला 'पी' पॉलिफोनिकचा, म्हणजे बहुस्वरी. हे कॉर्डही पेलते, आवाज ऑर्गनच्या जवळ जातो. 'बॉस'च्या २०२० सालच्या ओसी-५ मध्ये जुनी एकस्वरी आणि नवी बहुस्वरी अशा दोन्ही तऱ्हा एकाच डबीत आहेत.

तिसरी जात सूर वर नेणारी. रॉजर मेयर यांनी जिमी हेंड्रिक्ससाठी बनवलेले 'ऑक्टेव्हिया' १९६७ सालच्या 'पर्पल हेझ'च्या सोलोत ऐकू येते. लाटेचा खालचा अर्धा भाग उलटून वर घेतला की कंपने दुप्पट होतात, ही त्यातली युक्ती. जोडीला फझ असल्याने सूर करवतीसारखा निघतो. बाराव्या पडद्याच्या पुढे, मानेकडच्या पिकअपवर, टोन उतरवून वाजवले तर ते खुलते. आमच्या प्रयोजनात मात्र ते बसत नव्हते.

बासवाल्यांनी एक गणित लक्षात ठेवावे. ४१ चे निम्मे साडेवीस आणि माणसाचा कान विसाच्या आसपास ऐकणे सोडून देतो. म्हणून सर्वांत जाड तार मोकळी छेडून खालचे सप्तक मागू नये. जरा वरच्या पडद्यांवर वाजवावे.

आम्ही दुकानात गेलो. माझी सूचना एकच होती, स्वतःची गिटार ने आणि स्वतःचीच गाणी वाजव. दुकानदाराच्या गिटारवर सगळेच गोड लागते. एकस्वरी पेडलवर याच्या पहिल्याच कॉर्डला पोटदुखी झाली. बहुस्वरीवर जमले. मग बारकावे. ऑक्टेव्ह आधी आणि डिस्टॉर्शन नंतर, कारण स्वच्छ सूर मोजायला सोपा. मूळ सूर आणि खालचा सूर यांना वेगळे आउटपुट आहे का, हे पाहावे. असेल तर खालचा सूर बासच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवता येतो, कारण गिटारचा स्पीकर इतक्या खोलात उतरत नाही. आणि अ‍ॅडाप्टर. पिन बसली म्हणजे वीज जुळली असे नव्हे. व्होल्ट आणि धन-ऋण टोके डबीवर वाचूनच जोडावे.

परतताना पुतण्या म्हणाला, "व्हाइट स्ट्राइप्सनी तर बासवालाच ठेवला नव्हता." खरे आहे. त्यांच्या २००३ सालच्या 'सेव्हन नेशन आर्मी'तला बाससारखा वाटणारा सूर म्हणजे जॅक व्हाइट यांची गिटारच, 'व्हॅमी' पेडलने एक सप्तक खाली उतरवलेली. पण ते दोघे दोघेच म्हणून जमले होते. कोणी सोडून गेल्याचे भोक त्यांना बुजवायचे नव्हते. मी विचारले, "तुझ्या मित्राशी बोललास?"

तो गप्प. मग म्हणाला, "त्यानं जाताना सांगितलं नाही. मीही फोन केला नाही."

प्रयोजनाचा रकाना आता कुठे पुरा भरला होता.

मी उपदेश केला नाही. बँकेत तो फुकट देऊन देऊन मला त्याची किंमत कळली आहे. एवढेच म्हणालो, की पेडल तुझ्या मागोमाग खाली चालेल, पण कधी थांबायचे ते त्याला सांगता येणार नाही. ते सावलीसारखे आहे. तू चुकलास तर तेही एक सप्तक खाली चुकेल.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. मित्राला फोन केला होता म्हणे. आधी भांडण झाले, मग पाऊण तास गाण्यांवर बोलणे झाले. मित्राने सांगितले, "कडव्यांना पेडल लावूच नकोस. तिथे मी पण थोडंच वाजवायचो. ध्रुवपदाला लाव, म्हणजे आल्यासारखं वाटेल." कार्यक्रमात त्याने तसेच केले. निम्म्या वेळी पेडल बंद होते आणि तेच बरे वाटले.

त्या रात्री घरी येऊन मी कपाटावरची पेटी खाली काढली. भात्याला भोक पडले आहे. दुरुस्तीचा अंदाज मागवला आहे.