चेन्नईचा सेंट जॉर्ज किल्ला : पराभवाने घडवलेली तटबंदी

तामिळनाडूचे सचिवालय आणि विधानसभा ज्या सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे, त्याचा आरंभ कापडाच्या वखारीपासून झाला. १६३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी फ्रान्सिस डे याने स्थानिक नायकाकडून मद्रासपट्टणम येथील किनाऱ्याची जागा मिळविली. तेथे बंदर नव्हते. मात्र उत्तम सुती कापड स्वस्तात मिळत असे. १६४० मध्ये बांधकाम सुरू झाले. चार बुरुजांच्या या लहान चौकोनी किल्ल्याला इंग्लंडच्या संरक्षक संताचे नाव देण्यात आले.

किल्ल्याभोवती युरोपीय वस्ती, तर तिच्या उत्तरेला भारतीय विणकर व व्यापाऱ्यांची 'ब्लॅक टाऊन' ही वस्ती वाढली. १७४० मध्ये रघूजी भोसले यांच्या फौजांनी कर्नाटकचा नवाब दोस्त अली याचा पराभव केला, तेव्हा मद्रासमध्ये चिंता पसरली आणि तटबंदी सुधारण्याचा विचार सुरू झाला. परंतु ते काम पूर्ण होण्यापूर्वीच, सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रेंचांच्या तोफांपुढे किल्ल्याने काही दिवसांतच शरणागती पत्करली.

एला-शापेलच्या तहानुसार १७४९ मध्ये मद्रास इंग्रजांना परत मिळाले. तटाला लागून असलेली घरे शत्रूला आडोसा देतात, हा या युद्धाचा धडा होता. त्यामुळे आधी फ्रेंचांनी आणि नंतर इंग्रजांनी जुने ब्लॅक टाऊन पाडून तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे मैदान तयार केले. तेथील रहिवाशांना आणखी उत्तरेला वसावे लागले. हाच भाग पुढे जॉर्ज टाऊन म्हणून ओळखला जाऊ लागला.

डिसेंबर १७५८ ते फेब्रुवारी १७५९ या काळात फ्रेंच सेनापती लाली याने पुन्हा वेढा घातला. या वेळी मात्र किल्ला टिकला. तटबंदीचे काम त्यानंतरही अनेक वर्षे चालू होते.

किल्ल्यातील सेंट मेरी चर्च १६८० पासूनचे आहे, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संग्रहालयात कंपनीच्या काळातील वस्तू पाहावयास मिळतात. विस्थापित वस्तीची आठवण मात्र तटाबाहेर आहे. जुन्या ब्लॅक टाऊनच्या जागेवर आज मद्रास उच्च न्यायालय उभे असून, बांधकामास मनाई असलेल्या पट्ट्याची हद्द दाखविणारा १७७३ सालचा एक दगडी खांब पॅरीज कॉर्नर येथे शिल्लक आहे.