नोंदणी ऐच्छिक, पण दावा अडतो

धंद्याची कागदपत्रे : लेखांक ५

समजा, सांगलीतल्या दोघा मित्रांनी मिळून हळदीचा व्यापार सुरू केला. स्टॅम्प पेपरवर भागीदारीपत्र लिहिलं, त्यावर नोटरीचा शिक्का घेतला. पेढीच्या नावाने पॅन काढला, बँकेत चालू खातं उघडलं, जीएसटी क्रमांक मिळवला, दुकानाची शॉप अ‍ॅक्टखाली नोंद केली. चार वर्षं धंदा उत्तम चालला. पाचव्या वर्षी परगावच्या एका व्यापाऱ्याने नऊ लाखांचा माल उधारीवर उचलला आणि पैशांचं नाव काढेना. बिलं जपून ठेवलेली, माल पोचल्याच्या सह्या आहेत, ‘पुढच्या आठवड्यात देतो’ असे मेसेजही आहेत. दोघांनी वकील गाठला आणि दावा लावला.

समोरच्या वकिलाने बिलांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याने एवढंच विचारलं, ‘ही पेढी निबंधकांकडे नोंदवलेली आहे का?’

नव्हती. आणि तेवढ्या एका कारणावर हा दावा फेटाळला जाऊ शकतो. माल खरोखर दिला होता का, पैसे थकले आहेत का, या प्रश्नांपर्यंत न्यायाधीश पोचतच नाहीत. उदाहरण कल्पनेतलं असलं तरी त्यातला कायदा अगदी खरा आहे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चं कलम ६९ ते हेच.

मागच्या लेखांकात शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम नोंदणी पाहिली. या दोन्ही नोंदण्या धंद्याच्या असतात. भागीदारी पेढीची स्वतःची नोंदणी हे वेगळं प्रकरण आहे, आणि घोटाळा होतो तो इथेच. पॅन आयकरासाठी, जीएसटी क्रमांक करासाठी, उद्यम प्रमाणपत्र लघुउद्योगांच्या सवलतींसाठी. नोटरीचा शिक्का सांगतो ते इतकंच की, सही करणारी माणसं समोर हजर होती. यातलं काहीही कलम ६९ ची अट पुरी करत नाही. ती पुरी होते एकाच ठिकाणी : राज्याच्या भागीदारी संस्था निबंधकांच्या नोंदवहीत. नवे धंदेवाले सगळे कागद एका फाइलमध्ये लावतात आणि पेढी ‘रजिस्टर्ड’ आहे असं मनापासून मानतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण बहुतेकांना हा फरक कोणी सांगितलेलाच नसतो.

कलमाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. भागीदारी पेढीने नोंदणी केलीच पाहिजे असं कायदा कुठेही म्हणत नाही. नोंदणी नसली तरी भागीदारी वैध असते, व्यवहार वैध असतात, नफ्यावर कर लागतो आणि भागीदार एकमेकांशी करारानेही बांधलेले असतात. पण करारातून मिळालेला हक्क बजावण्यासाठी अशा पेढीला बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. भागीदारालाही पेढीविरुद्ध किंवा दुसऱ्या भागीदाराविरुद्ध कराराचा हक्क मागत कोर्टात जाता येत नाही. उलट बाहेरच्या माणसाला मात्र या पेढीवर खुशाल दावा लावता येतो. म्हणजे सांगलीच्या त्या पेढीने कोणाचे पैसे थकवले असते तर तिला कोर्टात खेचता आलं असतं. तिचे पैसे थकले, तेव्हा तिलाच दार बंद.

असा एकतर्फी नियम का केला असेल? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १९३२ पूर्वी भागीदारीचे नियम १८७२ च्या करार कायद्यातल्या एका प्रकरणात होते. त्या काळात पेढीला उधार देणाऱ्याची मोठी अडचण व्हायची. पैसे बुडाले आणि कोर्टात जावं, तर जो तो हात वर करायचा : ‘मी भागीदार नाही, फक्त बसत होतो.’ खरे भागीदार कोण, हे सिद्ध करण्यातच वर्षं जायची. नवा कायदा करताना नोंदणी सक्तीची करावी का, यावर विचार झाला. पण चार दिवसांच्या, छोट्या भांडवलाच्या धंद्यांना सक्ती जाचक ठरेल, असं कायद्याचा मसुदा तपासणाऱ्या समितीला वाटलं. म्हणून मधला मार्ग निघाला : नोंदणी ऐच्छिक ठेवायची, पण न करणाऱ्याला कोर्टाची मदत नाकारायची. कायदा १ ऑक्टोबर १९३२ रोजी लागू झाला. कलम ६९ मात्र वर्षभर थांबवून १ ऑक्टोबर १९३३ पासून अमलात आणलं, जेणेकरून चालू पेढ्यांना नोंदणीला सवड मिळावी.

हा हेतू लक्षात घेतला की नोंदवहीचं महत्त्व कळतं. कलम ५८ प्रमाणे अर्जात पेढीचं नाव, मुख्य कचेरी, इतर ठिकाणं, प्रत्येक भागीदार कोणत्या तारखेला सामील झाला, त्याचं पूर्ण नाव व कायमचा पत्ता, आणि पेढी ठरावीक मुदतीसाठी असेल तर ती मुदत, एवढी माहिती द्यावी लागते. अर्जावर सर्व भागीदारांच्या किंवा त्यांनी खास अधिकार दिलेल्या प्रतिनिधींच्या सह्या लागतात. कलम ६८ म्हणतं की, ज्याने त्या निवेदनावर सही केली, त्याच्याविरुद्ध त्यातला मजकूर निर्णायक पुरावा ठरतो. नंतर ‘मी भागीदार नव्हतोच’ असं त्याला म्हणता येत नाही. आणि कलम ६६ प्रमाणे ही नोंदवही ठरलेली फी भरून कोणालाही पाहता येते. एखाद्या पेढीला मोठा माल उधार देण्याआधी तिचे भागीदार कोण आहेत, हे तपासण्याचा हा सरळ मार्ग आहे. फार थोडे व्यापारी तो वापरतात.

नावावरही बंधनं आहेत. १९३२ च्या मूळ कायद्यात ‘क्राउन’, ‘एम्परर’, ‘इम्पीरियल’, ‘किंग’, ‘क्वीन’, ‘रॉयल’ असे शब्द सरकारच्या संमतीशिवाय पेढीच्या नावात वापरायला मनाई होती. पेढीला राजाश्रय आहे असा गिऱ्हाइकाचा समज होऊ नये, हा त्यामागचा विचार.

कलम ६९ चा फास नेमका कुठवर आवळतो, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत अनेक प्रकरणं गेली. त्यांतलं एक घराघरांतल्या नावाचं आहे : हल्दीराम. बिकानेरमध्ये सुरू झालेल्या या धंद्याच्या शाखा पुढे वेगवेगळ्या शहरांत पसरल्या, नागपूर हे त्यांतलं एक मोठं केंद्र. नावाच्या हक्कावरून दिल्लीत खटला उभा राहिला, तेव्हा समोरच्यांनी कलम ६९ पुढे केलं : दावा लावणारी पेढी नोंदणीकृत नाही, म्हणून दावाच चालत नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने तो मुद्दा फेटाळला. कलमाची बंदी आहे ती पेढीने धंद्याच्या ओघात समोरच्याशी केलेल्या करारातून उगवणाऱ्या हक्कांवर. ट्रेडमार्कचा हक्क कायद्यातून येतो, आणि दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणाऱ्याला रोखण्याचा हक्क सर्वसाधारण न्यायतत्त्वांतून. त्यांना ही बंदी लागू नाही. याच न्यायाने कायद्याने मिळालेल्या हक्काखाली भाडेकरूला जागा खाली करायला लावण्याचा दावाही नोंदणी नसताना चालू शकतो, असं १९९८ च्या एका निकालात आधीच ठरलं होतं.

उधारीची वसुली मात्र या सुटकेत बसत नाही. ती तर शुद्ध कराराची बाब.

महाराष्ट्राने या कलमाबाबत एक पाऊल पुढे टाकलं होतं, आणि त्याची कथा सांगितलीच पाहिजे. केंद्राच्या कायद्यात नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदारांनाही एक वाट मोकळी होती : पेढी विसर्जित करण्यासाठी, विसर्जित पेढीचा हिशेब मागण्यासाठी आणि तिची मालमत्ता वसूल करण्यासाठी दावा लावता येत असे. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने कलम ६९ मध्ये पोटकलम (२अ) घालून ही वाटही बंद केली. नोंदणी वाढावी हा हेतू होता. परिणाम कठोर झाला. समजा, तिघांनी प्रत्येकी दहा लाख घातले, नोंदणी केली नाही, आणि दोघांनी मिळून तिसऱ्याला बाहेर काढलं, तर त्याला स्वतःच्या पैशांचा हिशेब मागायलाही कोर्ट उरत नव्हतं. वारसांना मात्र सूट होती. भागीदार हयात असेपर्यंत त्याला दाद नाही, तो गेल्यावर त्याच्या मुलांना आहे, अशी ही विचित्र स्थिती.

पंचवीस वर्षांनी, २००९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हे पोटकलम घटनाबाह्य ठरवलं. समानतेचा हक्क (अनुच्छेद १४), व्यवसाय करण्याचा हक्क (१९(१)(जी)) आणि मालमत्तेचं संरक्षण (३००अ), तिन्हींचा त्याने भंग होतो, असं न्यायालयाने म्हटलं. बाहेरच्या माणसाच्या रक्षणासाठी पेढीवर अट घालणं वेगळं आणि भागीदाराला त्याच्याच भांडवलापासून तोडणं वेगळं, हा त्यातला कळीचा विचार. महाराष्ट्रातल्या हजारो छोट्या धंदेवाल्यांच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा आहे. तरीही त्याने दिलेली सुटका मर्यादित आहे. पेढी बंद करून हिशेब मागता येतो. पेढी चालू ठेवून थकबाकीदाराकडून वसुली करायची, तर नोंदणी लागतेच.

आता सांगलीच्या मित्रांकडे वळू. त्यांनी दावा लावल्यावर घाईने नोंदणी करून घेतली तर? चालत नाही. दावा दाखल झाला त्या दिवशी पेढी नोंदलेली असायला हवी. नंतरची नोंदणी आधीच्या दाव्यात जीव भरत नाही. नोंदणी करून नव्याने दावा लावता येतो, पण वसुलीची मुदत साधारण तीन वर्षांची असते. पहिल्या दाव्यात ती निघून गेली, तर नऊ लाखांवर पाणी सोडण्याची वेळ येते.

आणि एकदा नोंदणी केली की काम संपलं, असंही नाही. १९८९ च्या एका प्रकरणात पेढी रीतसर नोंदलेली होती. पण मधल्या काळात भागीदार बदलले आणि तो बदल निबंधकांना कळवलाच नाही. दाव्याच्या दिवशी जे खरे भागीदार होते, त्यांची नावं नोंदवहीत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने दावा चालणार नाही असा निर्णय दिला. नवा भागीदार आला, जुना गेला, पत्ता बदलला, शाखा काढली की तो बदल निबंधकांना कळवायलाच हवा. महाराष्ट्रात त्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे.

जुना भागीदार बाहेर पडताना आणखी एक पथ्य असतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात ‘जाहीर नोटीस’ येते : अमुक हे अमुक पेढीतून अमुक तारखेपासून निवृत्त झाले आहेत. कलम ७२ प्रमाणे नोंदणीकृत पेढीच्या बाबतीत निबंधकांना सूचना, राजपत्रात प्रसिद्धी आणि पेढी जिथे आहे त्या जिल्ह्यात खपणाऱ्या एका तरी स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात नोटीस, या तिन्ही गोष्टी लागतात. नोटीस दिली नाही, तर बाहेर पडलेला भागीदारही पेढीच्या पुढच्या देण्यांना बांधलेला राहू शकतो. भागीदारीत प्रत्येकाची जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिकही असते. घेणेकरी पेढीची पूर्ण रक्कम एकट्याकडूनही वसूल करू शकतो. सोडून गेलेल्या धंद्याचं कर्ज घरावर येऊ नये म्हणून ही चार ओळींची जाहिरात.

खरं तर ही माहिती धंदेवाल्यापर्यंत पोचवणं सरकारला अवघड नाही. पॅन किंवा जीएसटीच्या अर्जात ‘भागीदारी पेढी’ हा पर्याय निवडताच निबंधकांकडील नोंदणीची दोन ओळींत सूचना दिसावी, एवढ्यानेही अनेकांची वसुली वाचेल. राज्यातला अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. भागीदारीपत्र लिहून झालं की त्याच आठवड्यात तो भरावा, कारण भांडणं, थकबाकी आणि वेगळं होण्याची वेळ आल्यावर सगळ्या भागीदारांच्या सह्या एका कागदावर मिळणं कठीण होतं.

पुढच्या लेखांकात मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी : २००८ च्या कायद्याने आलेला हा प्रकार नोंदणीशिवाय अस्तित्वातच येत नाही, आणि त्यात भागीदाराचं घरदार पेढीच्या कर्जापासून कितपत सुरक्षित राहतं, ते पाहू.