रातकिड्यांची सनद

एखाद्या राष्ट्राचे दरडोई उत्पन्न वाढू लागले म्हणजे प्रारंभी तेथील विषमता वाढते आणि पुढे काही काळाने ओसरते, असे अनुमान सायमन कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञाने 1955 साली मोठ्या सावधपणे मांडले. पुढे 1991 मध्ये जीन ग्रॉसमन आणि अॅलन क्रूगर यांना निरनिराळ्या देशांतील शहरांच्या हवेतील गंधकवायूची मोजमापे तपासताना तशीच चढून उतरणारी रेषा आढळली; आणि तेव्हापासून, देश एकदा श्रीमंत झाला की त्याची हवा, पाणी आणि अरण्ये यांची चिंता उरत नाही, असा दिलासा अनेकांनी मनाशी धरून ठेवला आहे. त्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांत मला सर्वांत वजनदार वाटतो तो जेम्स बॉइस यांचा. निसर्गाची हानी होते तेव्हा तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि झळ कोणास लागते, हा प्रश्न त्यांनी 1994 मध्ये पुढे केला. लाभ घेणारा बलवान आणि झळ सोसणारा दुर्बल असेल तेथे हानी अधिक होते, कारण तिला हरकत घेणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, असे त्यांचे म्हणणे.

हा नियम पाढ्यासारखा बिनचूक चालत नाही हे मान्य केलेच पाहिजे. उत्पन्नातील तफावत पुष्कळ आटोक्यात असलेल्या सोव्हिएत राज्यातच कापसाच्या पिकासाठी नद्यांचे पाणी वळवून अरल समुद्र आटवला गेला. मात्र तेथेही किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा शब्द राजधानीत पोहोचत नव्हता, आणि बॉइस यांचा रोख पैशाइतकाच सत्तेच्या वाटणीकडेही होता.

हे सारे ज्या देशाच्या इतिहासात जवळून न्याहाळता येते तो देश म्हणजे ब्राझील. 1510 मध्ये गोव्यावर अंमल बसवणाऱ्या पोर्तुगीज राजसत्तेनेच 1530 नंतरच्या दशकात ब्राझीलच्या किनाऱ्याचे लांबलांब पट्टे पाडून ते मूठभर मर्जीतल्या माणसांना वंशपरंपरेने बहाल केले, आणि जहागिरीचा हा ठसा त्या भूमीवरून आजतागायत पुसला गेलेला नाही. 1850 च्या कायद्याने सरकारी जमीन केवळ खरेदीनेच मिळेल असे ठरवले, आणि 1888 मध्ये गुलामांची मुक्तता झाली तेव्हा त्यांच्या हाती स्वातंत्र्य आले, पण बिघाभर जमीन आली नाही. 2017 च्या शेतीगणनेतही हजार हेक्टरांवरच्या सुमारे एक टक्का खातेदारांकडे देशातील जवळजवळ निम्मे शेतीक्षेत्र आढळले.

1970 मध्ये ईशान्य ब्राझीलवर भीषण अवर्षण कोसळले, तेव्हा लष्करी राजवटीपुढे दोन मार्ग होते: तेथल्या अफाट मिळकतींची वाटणी करणे, अथवा भूमिहीनांना दूर अॅमेझॉनच्या अरण्यात नेऊन वसवणे. राजवटीने दुसरा मार्ग पत्करला, अरण्य चिरीत जाणारा महामार्ग काढला, आणि जमीनदारांच्या मिळकतीस जो हात लावावयाचा तो अरण्यास लावला. गुरांचे कळप पाळणाऱ्या कंपन्यांना करमाफी तर 1966 पासूनच होती. शिवाय झाडे तोडून राब करणे हाच जमिनीच्या ‘सुधारणेचा’ आणि कब्जाचा पुरावा दप्तरी ग्राह्य धरला जात असल्यामुळे, जो अरण्य जाळील तो मालक ठरे आणि जो राखील तो अतिक्रमण करणारा ठरे. खोट्या सनदा जुन्या दिसाव्यात म्हणून त्या रातकिड्यांसह खणात कोंडून ठेवीत आणि किड्यांनी पिवळे केलेले ते कागद कचेरीत हजर करीत, असे सांगतात. जमीन बळकावणाऱ्यांना तेथे आजही रातकिड्यावरूनच पडलेल्या नावाने ओळखतात.

हरकत घेणारेही निघाले. आक्रे प्रांतात रबराचा चीक काढून पोट भरणारी, पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या दुकानातील उधारीत बुडालेली कुटुंबे 1976 पासून बायकामुलांसह तोडीच्या जागी जाऊन करवतींपुढे उभी राहू लागली. त्यांचे पुढारी विल्सन पिन्हेरो यांचा 1980 मध्ये खून झाला, आणि त्यांच्यामागून पुढे आलेले शिको मेंडिस यांना 22 डिसेंबर 1988 च्या संध्याकाळी शापुरी येथे, अंघोळीसाठी परसात निघाले असता, एका जमीनदाराच्या मुलाने गोळी घातली. 1990 मध्ये सुमारे पावणेदहा लक्ष हेक्टर अरण्य मेंडिस यांच्या नावाने राखीव झाले. त्याची मालकी सरकारची, वहिवाट चीक काढणाऱ्यांची, आणि विक्री कोणासच करता येत नाही.

2004 मध्ये अॅमेझॉनमधील सुमारे 27,700 चौरस किलोमीटर अरण्य तुटले होते, ते प्रमाण 2012 मध्ये सुमारे 4,600 वर आले. याच वर्षांत उत्पन्नातील विषमताही घटली. पण एकीमुळेच दुसरे घडले असे म्हणण्यास मी धजणार नाही, कारण उपग्रहांची टेहळणी, दंडाची वसुली, आणि 2008 पासून जमिनीचे रीतसर कागद दाखवल्याखेरीज शेतीकर्ज न देण्याचा दंडक, यांचा त्यात मोठा वाटा होता. हे उपाय ज्यांच्या मंत्रिपदाच्या काळात अमलात आले त्या मरीना सिल्वा यांचा जन्म 1958 साली आक्रेमधल्याच चीक काढणाऱ्या एका कुटुंबात झाला होता. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि मेंडिस यांच्या बरोबरीने त्या करवतींपुढे उभ्या राहिल्या होत्या.