गाडी समजून घेताना – लेखांक ७ : मोठे टायर, उंच गाडी आणि पिवळा दिवा

मागच्या आठवड्यात लिफ्ट किटचा हिशेब पाहिला. स्प्रिंगा बदलल्या, शॉक ॲब्सॉर्बर लांब आले, मडगार्डखाली जागा झाली आणि तिथे मोठे टायर बसले. इथवर सगळं हौसेप्रमाणे होतं. मग एक दिवस गाडी सुरू केली की मीटरमध्ये नालेच्या आकाराचं, मधोमध उद्गारचिन्ह असलेलं पिवळं चिन्ह पेटतं आणि विझायचं नावच घेत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरातला मालक असेल तर डाबकी रोडवरच्या एखाद्या टायरवाल्याकडे थांबून विचारतो, ‘काहून लागला जी हा दिवा?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ‘मोठे टायर टाकले ना भाऊ, मंग तो लागूनच राह्यते. तुमी त्याच्याकडे पाहूच नका.’

हे उत्तर चूक आहे. टायर मोठा झाला एवढ्यानेच हा दिवा लागत नाही, आणि गाडी उंच झाली म्हणून तर क्वचितच. जुने टायर उतरून नवे चढले त्या तासाभरातच बहुतेक वेळा कारण दडलेलं असतं. आजचा लेख त्या तासाबद्दल आहे.

आधी यंत्रणा. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या महिंद्रा थारच्या एलएक्स प्रकारात २५५/६५ आर१८ मापाचे टायर आले आणि प्रत्येक टायरची हवा मीटरवर दिसते. त्यासाठी रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीहून लहान एक सेन्सर बसवलेला असतो. तो आतला दाब आणि तापमान मोजतो आणि आपला स्वतंत्र क्रमांक जोडून रेडिओ लहरींवरून गाडीला कळवतो. भारतात आणि युरोपात यासाठी साधारण ४३३ मेगाहर्ट्झची लहर वापरतात, अमेरिकेत बहुतांशी ३१५. सेन्सरची बॅटरी आत कायमची बंद केलेली असते. ती पाच ते दहा वर्षं चालते, पण बदलता येत नाही. बॅटरी गेली की अख्खा सेन्सर बदलायचा.

दुसऱ्या काही गाड्यांत टायरमध्ये काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जरा जास्त वेगाने फिरतं. हा फरक एबीएसच्या सेन्सरवरून ओळखून गाडी दिवा लावते. तुमची गाडी या दुसऱ्या जातीची असेल तर दुरुस्ती सोपी आहे. चारही टायरमध्ये हवा नीट भरा, मेनूत किंवा बटणावर रीसेट करा आणि थोडा वेळ गाडी चालवा. नवे टायर हेच आता ‘बरोबर’ असं गाडी शिकून घेते. अट एवढीच की चारही टायर एकाच मापाचे हवेत. पैसे वाचवायला मागे दोन मोठे आणि पुढे जुनेच ठेवले असतील तर या यंत्रणेला दोष देऊ नका. आणि गाडी फोर बाय फोर असेल तर असं करूच नका.

आता पहिल्या जातीकडे, कारण खरी डोकेदुखी तिथे आहे.

दिवा लागला की सगळ्यात आधी हातातल्या गेजने हवा मोजा. हे सांगावं लागतं, कारण निम्मे लोक थेट सेन्सरच्या मागे लागतात आणि टायरमध्ये खरोखरच हवा कमी असते. मोजायची ती पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना आणि एका बाजूच्या टायरवर ऊन येण्याआधी. अकोल्यात ही अट शोभेची नाही. मार्च महिन्यात दुपारी ३८ आणि पहाटे १८ अंश असं आपल्याकडे सहज होतं. दुपारी उभ्या गाडीत ३२ पीएसआय भरली तर पहाटे ती २९ भरते. तीच हवा महामार्गावरून आलेल्या, ६० अंशांपर्यंत तापलेल्या टायरमध्ये ३२ भरली असेल तर पहाटे २६ च्या आसपास. ठरवून दिलेल्या दाबापेक्षा हवा पाव हिस्सा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे असा अमेरिकेतला नियम आहे. ३२ च्या हिशेबाने ती रेघ २४ वर येते. म्हणजे टायरवाल्याने गरम टायरमध्ये प्रामाणिकपणे ३२ भरूनही तुम्ही पहाटे त्या रेघेच्या जवळ जाऊन उभे असता. दुपारपर्यंत दिवा आपोआप विझत असेल तर सेन्सर ठीक आहे, हवा कमी आहे.

हवा बरोबर निघाली तर दिव्याची तऱ्हा पाहा. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ ‘मला सेन्सर ऐकूच येत नाही’ असा असतो. सुरुवातीपासून स्थिर असेल तर ‘ऐकू येतंय आणि हवा कमी आहे’ असा. मीटरवर आकड्यांच्या जागी आडव्या रेघा दिसत असतील तर त्या एका चाकाच्या आहेत की चारही, हे लिहून ठेवा. निदानाचं निम्मं काम तिथेच होतं.

पण निष्कर्ष काढायच्या आधी गाडी जरा मोकळ्या रस्त्यावर न्या. बॅटरी वाचवण्यासाठी हे सेन्सर उभ्या गाडीत झोपलेले असतात. चाक साधारण ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या पुढे फिरू लागलं की ते नियमित बोलू लागतात. राजराजेश्वर मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांत चार चकरा मारून ‘अजूनही रेघाच आहेत’ म्हणण्यात अर्थ नाही, तिथे तो वेग मिळणारच नाही. बाळापूरच्या दिशेला महामार्गावर पंधरा-वीस मिनिटं जाऊन या, मग पाहा.

तरीही चारही चाकांवर रेघा असतील तर विचारा : रिम बदलल्या का? मोठ्या टायरबरोबर नव्या अलॉय घेणारे पुष्कळ आहेत. जुन्या रिम सेन्सरसकट भंगारच्या भावात किंवा बदल्यात गेल्या आणि नव्या रिमवर वीस-पंचवीस रुपयांचे साधे रबरी व्हॉल्व्ह बसले. गाडी बिचारी आपले चार सेन्सर शोधत राहते आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी दुकानात पडलेले असतात. व्हॉल्व्ह रबरी दिसतो म्हणजे सेन्सर नाहीच असं मात्र नाही. काही सेन्सर रबरी देठाचेही येतात. खात्री करायला टीपीएमएसचं, म्हणजे टायरच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या याच यंत्रणेचं, छोटं हातातलं यंत्र लागतं. ते व्हॉल्व्हजवळ धरून बटण दाबलं की झोपलेला सेन्सर जागा होतो आणि यंत्राच्या पडद्यावर त्याचा क्रमांक, दाब आणि बॅटरीची अवस्था येते. टायरवाल्याकडे हे यंत्र नसेल तर तो सेन्सरबद्दल जे सांगतो तो अंदाज आहे, निदान नव्हे.

नवे सेन्सर घेतले असतील तर दोन गोष्टी पाहायच्या. लहर तुमच्या गाडीचीच हवी. ऑनलाइन स्वस्तात आलेला ३१५ चा सेन्सर आपल्याकडच्या गाडीला कधीच ऐकू येणार नाही, कितीही शिकवा. आणि नवे क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदवावे लागतात. काही गाड्या चालवता चालवता स्वतःच शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो. याला एक चांगली पळवाट आहे : जुन्या सेन्सरचा क्रमांक वाचून तोच नव्या कोऱ्या सेन्सरमध्ये उतरवायचा. गाडीला बदल झाल्याचं कळतही नाही. मात्र त्यासाठी जुने सेन्सर हाताशी हवेत, म्हणून रिम देऊन टाकण्याआधी निदान क्रमांक तरी वाचून घ्या.

एकाच चाकावर रेघ असेल तर बहुधा सेन्सर फुटला आहे. मशीनचं पातं टायरची कड रिमपासून सोडवायला बाजूने दाबतं, तेव्हा व्हॉल्व्ह नेमका त्याच्या समोर असेल तर आतला प्लास्टिकचा डबा गेलाच. मोठ्या ऑल टेरेन टायरची साइडवॉल जाड आणि ताठ असते, जोर जास्त लावावा लागतो, म्हणून अपघातही याच वेळी जास्त. टॉमी घालून टायर उचकटणाऱ्या दुकानात तर विचारूच नका. कधी कधी चढवलेला टायर हलवला की आत काहीतरी खडखडतं. ते तुकडे असतात.

आकडे येतात पण उलटसुलट वाटतात, ही तिसरी तक्रार. चाकांच्या जागा बदलताना पुढचं डावं मागे उजवीकडे गेलं आणि गाडीला कुणी सांगितलं नाही. घरच्या घरी ताळा करता येतो. पुढच्या डाव्या टायरमधून पाच-सहा पीएसआय हवा सोडा, गाडी चालवून आणा आणि मीटरवर कोणतं चाक खाली आलं ते पाहा. भलतंच आलं तर नोंद चुकली आहे.

आता एक खास आपल्याकडचं कारण. वऱ्हाडात मोठे टायर हौसेने घेतात हे खरं, पण गरजही असते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून शेतापर्यंत जाऊन परत यायचं तर साध्या टायरचं काम नाही. आणि पांदण आली की बाभळीचे काटे आले. म्हणून नव्या टायरमध्ये व्हॉल्व्हमधूनच पंक्चररोधक जेल ओतून घेणारे खूप आहेत. सेन्सरला हवेचा दाब कळतो तो टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून. साधं जेल त्यात जाऊन सुकलं की सेन्सर बहिरा होतो, किंवा वाईट म्हणजे एकाच आकड्यावर अडकून बसतो आणि हवा गेली तरी ‘सगळं ठीक’ सांगत राहतो. जेल हवंच असेल तर सेन्सरला चालणारं, तसं डब्यावर लिहिलेलं घ्या. माझं मत विचाराल तर स्टेपनी आणि छोटा कॉम्प्रेसर बरा. शोभेच्या धातूच्या टोप्याही टाळा. सेन्सरचा देठ ॲल्युमिनियमचा असेल तर पितळी टोपी गंजून त्याला अशी चिकटते की काढताना देठच तुटतो.

लिफ्टला मी निर्दोष म्हटलं, त्याला एक अपवाद. चाकापाशी जाणारी एबीएसची वायर मूळ उंचीच्या मापाची असते. गाडी उंच झाल्यावर ती ताणली गेली, किंवा मोठा टायर पूर्ण वळणावर तिला घासू लागला, तर आधी एबीएसचा दिवा लागतो. आणि दुसऱ्या जातीच्या यंत्रणेत मागोमाग टायरचाही. दोन्ही दिवे एकत्र लागले तर टायरवाल्याकडे नको, ज्याने लिफ्ट बसवली त्याच्याकडे जा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून वायर पाहायला सांगा.

हे सगळं जुळूनही एक प्रश्न उरतो, आणि तो सेन्सरचा नाही. दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत लिहिलेला दाब मूळ टायरसाठी आहे. नव्या टायरला किती? मोठ्या टायरमध्ये हवेची जागा जास्त असते, त्यामुळे तेच वजन कमी दाबावर पेलता येतं. पण तोच टायर एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या जातीचा असेल, तर त्याला तेवढ्याच वजनासाठी जास्त दाब लागतो. दोन्ही गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. त्यामुळे अंदाजाने ‘४० मारून टाक’ म्हणणं धोक्याचं. साइडवॉलवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, भरायचा नव्हे. टायर कंपनीचा भार आणि दाबाचा तक्ता मागून घ्या. त्यावर घरचा ताळा म्हणून खडूची रेघ. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा, सरळ सपाट रस्त्यावर थोडं अंतर जा. मधलाच खडू पुसला तर हवा जास्त, कडेचाच पुसला तर कमी. तक्त्याने दिलेल्या किमान दाबाच्या खाली मात्र खडू सांगतो म्हणून जायचं नाही. शिवाय गाडी दिवा लावते ती मूळ टायरच्या दाबावरून ठरलेल्या जुन्याच रेघेवर, वरच्या हिशेबात २४ वर. नव्या टायरला ३६ हवी असेल तर २६ वर तो धोक्याइतका रिकामा असेल, पण दिवा गप्प राहील. काही गाड्यांत ही रेघ स्कॅनरने वर सरकवता येते, ती सरकवून घ्या.

परदेशात काही शौकिनांनी या कटकटीवर अजब तोड काढली : चारही सेन्सर प्लास्टिकच्या जाड पाइपात घालून, टोकं बंद करून, त्यात ३२ ची हवा भरायची आणि पाइप सीटखाली ठेवून द्यायचा. गाडीला वाटतं चारही टायर ठणठणीत. डोकं चालवलं हे कबूल, पण हा खोटा दाखला आहे.

कारण हा दिवा फॅशन म्हणून आलेला नाही. २००० साली अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोनचे टायर धावता धावता सोलून निघाले, गाड्या उलटल्या आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. टायरच्या बनावटीत दोष होता, आणि वर गाडीला सुचवलेला दाबही कमी, २६ पीएसआय होता. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून सगळ्या नव्या मोटारींत हा दिवा सक्तीचा झाला. भारतात तो सक्तीचा नाही. पण २०२० च्या नियमबदलानंतर ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलं तर लहान मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा कंपन्यांना आहे. म्हणजे ज्या गाडीत स्टेपनीच नाही तिथे हा दिवा हाच तुमचा आधार.

आणि आपले रस्ते आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला, त्याची गिनीज बुकात नोंद झाली. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. मे महिन्याच्या दुपारी कमी हवेचा, जड टायर अशा वेगाने धावतो तेव्हा साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला दबते, तापते आणि शेवटी फाटते. पांदणीत त्याच टायरमधून हवा मुद्दाम १८ पर्यंत उतरवली असेल तर दिवा लागणं बरोबरच आहे. पण डांबरावर चढायच्या आधी ती परत भरा.

कायद्याचं एका वाक्यात : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. लिफ्ट करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारा.

पुढच्या लेखांकात स्पीडोमीटर. २५५/६५ आर१८ च्या जागी २८५/६५ आर१८ टाकले की मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने धावत असते. तोवर एवढं करा : टायर बदलायला जाल तेव्हा चाक मशीनवर चढण्याआधी कारागिराला स्वतः सांगा, ‘भाऊ, आत सेन्सर हाय, वॉल पाहून पातं लाव.’