नरसीचा मुक्काम आणि नामदेवांच्या सोबत्यांची वाट

तंबूतला मुक्काम म्हटला की हल्ली लोणावळ्याजवळचा पवना धरणाचा काठ आठवतो. शनिवारी जायचं, शेकोटी करायची, रविवारी परतायचं. पण घराबाहेर महिनामहिना काढण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं बालवीर शिबिर भरवलं ते १९०७ साली. त्याआधी पाऊणशे वर्षं, १८३२ च्या सुमारास, हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं आणि अंकलीच्या शितोळे सरदारांनी त्यासाठी घोडे व तंबू पुरवले. हजारो माणसांनी रोज नव्या गावी उतरायचं आणि पहाटे तळ उठवून पुढे निघायचं, हे त्या सोहळ्यात तेव्हापासून चालत आलं आहे.

आळंदीच्या वारीतले तळ सर्वांना ठाऊक असतात. त्याहून कमी बोललं जाणारं आणि मला अधिक अद्भुत वाटणारं ठिकाण म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं कयाधू नदीकाठचं नरसी नामदेव. परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म इथला, १२७० सालचा. शीख भाविकही इथे श्रद्धेने येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. ज्येष्ठात शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते, ती रिसोड आणि सेनगाव करून नरसीला मुक्कामी येते. पांढऱ्या पोशाखातले सुमारे ७०० वारकरी हाती भगव्या पताका घेऊन ओळीने चालतात. पंढरपूरपर्यंतची वाट ७०० किलोमीटरहून मोठी आणि चाल महिनाभराची.

या मुलखातल्या मुक्कामाची खरी परीक्षा घेते ती काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस झाला की ती पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि चिखल पायाला असा धरतो की चप्पल हातात घ्यावी लागते. अशा जमिनीत ठोकलेली मेख रात्रीच्या सरीनंतर सैल पडते आणि राहुटी एका अंगाला कलते. म्हणून जाणता माणूस आधी उंचवटा शोधतो, राहुटीभोवती वीतभर चर खणतो, चराचं तोंड उताराकडे काढतो आणि मगच पथारी टाकतो. देवळाची ओवरी किंवा शाळेचा वऱ्हांडा मिळाला तर त्याहून चांगलं. मराठवाड्यातली गावं पालखीच्या दिवशी ही जागा मोकळी करून देतात आणि घराघरांतून भाकरी-पिठलं येतं.

आता या वाटेवरचे मुक्काम ओळीने पाहा. नरसीनंतर डिग्रस, मग औंढा नागनाथ. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याच्या देवळातच भेटले, असं परंपरा सांगते. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. पाय जिथे हलवावे तिथे पिंड दिसू लागली. याच देवळाचं तोंड नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरलं अशीही कथा आहे, आणि तिथला नंदी आजही देवळाच्या मागच्या बाजूला आहे. गाभारा जमिनीखाली आहे. उतरण्याची वाट इतकी अरुंद की अंग चोरूनच जावं लागतं.

पुढे जवळा बाजार आणि परभणी करून पालखी गंगाखेडला पोचते. गंगाखेड म्हणजे नामदेवांच्या घरी राहिलेल्या जनाबाईंचं गाव. परळी, अंबाजोगाई मागे टाकून ती तेरला येते. तेर कुंभारकाम करणाऱ्या संत गोरोबाकाकांचं. थापटण्याने एकेका संताचं डोकं ठोकून ज्यांनी नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं ते हेच, आणि तो शब्द जिव्हारी लागल्यावरच नामदेव गुरूच्या शोधात निघाले. धाराशिव, तुळजापूर, सोलापूर झालं की येतं मंगळवेढा. तिथे १३३८ साली गावकुसाची भिंत कोसळून नामदेवांचे सोबती संत चोखोबा गेले. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. समोरच नामदेवांची पायरी आहे आणि प्रवास संपतो तोही तिथेच. म्हणजे शेगावकरांची वारी नरसीपासून पुढे नामदेवांच्या सोबत्यांच्या घरांवरूनच जाते. सातशे वर्षांपूर्वीचा एक मित्रपरिवार आजही असा पायी जोडता येतो, हे मला महाराष्ट्रातलं एक थोर आश्चर्य वाटतं.

आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला नरसीत परतवारी भरते. पंढरपूरहून परतलेले वारकरी इथे दर्शनाला येतात आणि लाखोंची गर्दी होते. त्या दिवशी निवांत मुक्कामाचा विचार करू नये.

भटकंतीची आवड असलेल्या मंडळींना आणि शाळांना मात्र एक विनंती आहे. पवन्याच्या काठावरून एक वर्ष पाय जरा पूर्वेकडे वळवा. नरसी ते औंढा हा टप्पा डिग्रसचा एक मुक्काम धरून पायी करता येतो. कार्तिक महिना त्याला उत्तम. पाऊस सरलेला असतो, वाटा वाळलेल्या असतात, शेतात तूर उभी असते. ओढ्याकाठी कचरा टाकू नका, शेतातून जाताना मालकाला विचारा आणि देवळात उतरलात तर सकाळी ओवरी झाडून निघा. दिवस निवडायचा असेल तर कार्तिक शुद्ध एकादशीचा निवडा. नामदेवांचा जन्मदिवस तोच मानला जातो.